ओरखडा सोड, जवारी बघ

रडून झालं असेल तर डोळे पूस आणि नीट मांडी घालून बस. बाकीच्यांनीही उठायचं नाही. पेटीचा भाता बंद करा, मोबाईल पालथे ठेवा आणि कान इकडे द्या. आज गाणं नाही, आज बोलणी खायची आहेत. एकटीनेच नव्हे, सगळ्यांनी. एकेकाचा नंबर येईल.

तुझ्यापासून सुरुवात करते. तुझ्या आईंचा फोन आला होता. "बाई, यंदा गुरुपौर्णिमेला ती बसणार नाही म्हणते. आवाज अजून तयार नाही म्हणे. शिवाय तंबोरा नवीन घ्यायचा हट्ट धरलाय. मिरजेत कुणाकडे जाऊ?" आईंना काय सांगायचं ते मी सांगितलं. आता तुला सांगते.

आधी तंबोऱ्याचं बोलू. तुझ्या आत्याने तो वापरला, तिच्या आधी तिच्या गुरूंनी. पिढ्या गायल्या त्याच्यावर. आणि तुझी तक्रार काय? भोपळ्यावर ओरखडा आहे, एका बाजूला सांधल्याची खूण दिसते, फोटोत बरं दिसत नाही. फोटोत! तंबोरा फोटोसाठी असतो ही माहिती मला नवीन आहे.

मघाशी गवसणी काढून मी तो हातात घेतला. ओरखडा आहे. बोटभर लांब, पॉलिशपुरता. सांधल्याची खूणही आहे, आणि ज्याने सांधलंय त्याला हात जोडावेत असं काम आहे. नख फिरवलं तरी अडकत नाही. आता तुझं लक्ष जिकडे गेलंच नाही ते ऐक. घोडीवर चारही तारांनी चऱ्या पाडल्यात. जोडीच्या एका तारेखाली दोराच नाही. दुसरीखाली आहे तो काळा पडून चिकटलाय. खर्ज छेडला की एकदा ठण्ण करतो आणि गप्प होतो. पंचमाची खुंटी हात काढताच मागे फिरते, कारण तिला खडू लावायचं कुणाच्या मनात आलेलं नाही. म्हणजे या तंबोऱ्याची जवारी केव्हाच गेली आहे, आणि तू त्याच्यासमोर बसून ओरखड्याचं सुतक पाळते आहेस.

तुझ्या सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे. जे बदलणार नाही आणि बदलायची गरजही नाही, त्यावर तू रडतेस. जे बदलता येतं आणि बदलायलाच हवं, ते मात्र खुशाल चालवून घेतेस. वस्तूचं तेच, गळ्याचं तेच. आणि हे एकटीचं नाही, या खोलीतल्या निम्म्या जणांचं आहे, म्हणून सगळ्यांना बसवून ठेवलंय.

मिरजेला जायचंय ना? जरूर जा. सांगलीहून जायला कितीसा वेळ लागतो? पण दुकानाच्या काचेपाशी थांबू नकोस, मागच्या कारखान्यात जा. त्या गल्लीत १८५०च्या सुमारापासून वाद्यं होतात. हत्यारांना धार लावणारी, त्यांची डागडुजी करणारी शिकलगारांची घराणी ही. तलवारींचे दिवस सरले तसे त्यांचे हात सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकरांपासून ही परंपरा सांगतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या बातम्या तुम्ही मोबाईलवर एकमेकांना पाठवल्यात. तंबोरा कसा होतो ते मात्र एकालाही पाहावंसं वाटलं नाही.

तिथे छताला, भिंतीला टांगलेले भोपळे बघ. पंढरपूर, मंगळवेढा, त्या भीमाकाठच्या भागात ते पिकतात. खायचे नव्हेत, कडू जातीचे, जाड सालीचे. वेलीवर कुणी साचा लावलेला नसतो. एक डावीकडे फुगलेला, एक बुडाशी चपटा, एकाच्या अंगावर जमिनीला टेकल्याचा डाग. महिनोन्महिने वाळवतात, मग कापतात. कारागीर लाकडाला भोपळ्याच्या मापाने घडवतो, भोपळ्याला लाकडाच्या मापाने नाही. भोपळा जसा आला तसा आधी पदरात घ्यायचा, मग त्याच्या वळणाने गळा, तबली, दांडी बसवायची. जोडीचा तंबोरा करायचा तर एकासारखा एक भोपळा शोधण्यात दिवस जातात, आणि तरी दोन्ही तंतोतंत सारखे वाजत नाहीतच. वाजायला नकोतही. दोन सख्ख्या बहिणींनी गावं तसं त्यांनी वाजावं, एकीनेच दोनदा गायल्यासारखं नव्हे.

आणि जवारी लावणाऱ्याजवळ थोडा वेळ बस, तोंड मिटून. तार सैल करून बाजूला सारतो, घोडीच्या पाठीवरून बारीक कानस फिरवतो, तार पुन्हा बसवतो, छेडतो, मान हलवतो. पुन्हा तार बाजूला. पुन्हा कानस, मग पॉलिश पेपर. घोडीची पाठ दिसायला सपाट दिसते, पण ती किंचित उतरती, किंचित गोल ठेवलेली असते. तार तिला एका बिंदूत टेकत नाही. कंप पावताना त्या उतारावर चाटत राहते. मग तारेखाली दोरा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तो अचानक भरून येतो, ज्या नादासाठी हे सगळं चाललेलं असतं तो. त्याच्याजवळ मोजायचं यंत्र नसतं. कान असतो. आणि कान तयार व्हायला त्याने तारुण्य घालवलेलं असतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. तारेचा हा चाटण्याचा आवाज एरवी दोष म्हणून गणला गेला असता. गिटारवाल्याच्या तारेने अशी झणझण केली तर तो वाद्य दुरुस्तीला टाकतो. आपल्याकडे ती झणझण हाच तंबोऱ्याचा प्राण आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांना नोबेल मिळालं १९३० साली. त्याच्या आधी, १९२१ मध्ये, त्यांनी आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला होता. तार अमुक ठिकाणी छेडली तर शास्त्राच्या नियमाप्रमाणे अमुक उपस्वर उमटायलाच नकोत. तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र ते खणखणीत उमटतात, आणि याचं कारण घोडीच्या त्या रुंद, वळणदार पाठीत आहे, हे त्यांनी दाखवलं. खर्जातून जो स्वयंभू गंधार तुम्हाला ऐकू यायला हवा, तो त्या चाटण्यातून वर येतो. साफ, स्वच्छ, बिनकुरकुरीची तार हवी असेल तर दोरा काढून टाक. मिळेल तुला. मेलेली.

तबलेवाल्यांनी हसू नये, तुमच्याकडेच येते आहे. पुडीवरची शाई जवळून पाहिली आहेत कधी? डग्ग्यावर कव्हर घालण्यापलीकडे तुमचं वाद्याशी नातं दिसत नाही, म्हणून विचारते. लोखंडाची भुकटी आणि खळ यांचा लेप थरावर थर देतात, आणि प्रत्येक थर दगडाने घोटतात. घोटून घोटून त्या काळ्या वर्तुळावर बारीक भेगांचं जाळं पडतं. हे जाळं पाडावं लागतं. लेप जर अखंड, गुळगुळीत पापुद्र्यासारखा राहिला तर कातडं आखडेल, पुडी बोलणार नाही. भेगा आहेत म्हणून ती मोकळी हलते, आणि हलते म्हणून चाटीतून सूर निघतो. अर्थात, शाईचा तुकडा उडाला तर ते वेगळं. तेव्हा पुडी बदलायची. "भेगा असतातच हो बाई" म्हणून तसाच ठोकत बसायचं नाही. कोणती भेग वाद्याची आहे आणि कोणती हयगयीची, हे ओळखता येतं की नाही एवढाच प्रश्न आहे. तुम्हाला येत नाही. शिका.

आता पेटी. तू मला म्हणालीस, "बाई, पेटीवर लावून बघितलं, माझा गंधार उतरलेला येतो." कोणत्या पेटीवर? कोणत्या रागाचा गंधार? सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग पाडले तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार येतो ३८६च्या आसपास. पेटीचा गंधार बसवलेला असतो ४००वर, कारण बाराही पट्ट्यांना सारखं अंतर वाटून द्यायचं असतं. म्हणजे पेटी चढी आहे, आणि तू तिला पंच नेमून स्वतःला दोषी ठरवते आहेस. याच सांगलीतल्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी या उणिवेवर आयुष्य वेचलं. १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला बसवून सुरांची मापं घेतली. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी घडवण्याचा घाट घातला. मोठं काम, थोर काम. पण ती पेटी बैठकीत रुळली नाही. रुळली ती हीच, तुमच्यासमोरची, बारा पट्ट्यांची, अपुरी. आकाशवाणीने १९४०पासून तीसएक वर्षं तिला दारात उभं केलं नाही. मींड नाही, श्रुती नाही, ही तिच्यावरची तक्रार, आणि तक्रार खोटी नव्हती. तरीही ती टिकली, कारण चांगल्या पेटीवाल्याला तिचं अपुरेपण ठाऊक असतं. गवई जिथे नाजूक गंधारावर थांबलाय तिथे तो पट्टी दाबतच नाही, बोट उचलून गप्प बसतो. आपल्या वाद्याला काय जमत नाही हे ज्याला कळलं, तो साथ करू शकतो. तू पेटीचा दोषही ओळखत नाहीस आणि स्वतःचा गुणही.

आता गळा. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळी रडारड इथली आहे.

"माझा आवाज घोगरा आहे. पातळ नाही. वरच्या षड्जाला फुलत नाही." झालं? हा पाढा तू माझ्यापुढे किती वेळा वाचलास! आता मी वाचते, तू ऐक. कुंदगोळचे रामभाऊ, पुढचे सवाई गंधर्व, लहानपणी गोड गळ्याचे होते. वयात येताना आवाज फुटला आणि असा राठ झाला की वळेना. गुरू कोण, तर अब्दुल करीम खाँसाहेब, ज्यांच्या आवाजाच्या मऊपणाची लोक शपथ घ्यायचे. गुरूसारखा गळा या जन्मी मिळणार नाही हे त्या मुलाला कळलं नसेल? कळलंच असणार. तो रडत घरी गेला नाही. तो राठ गळा घासून घासून त्याने किराणा घराण्याची आलापी त्यातून काढली. भीमसेन जोशींनी १९५३पासून पुण्यात ज्यांच्या नावाने महोत्सव भरवला, आणि ज्याचे पास मिळवायला तुम्ही डिसेंबरात धावता, ते हे सवाई गंधर्व. आवाज आवडला नाही म्हणून त्यांनी गाणं सोडलं असतं तर तुम्हाला सेल्फी काढायला मंडप राहिला नसता.

त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल. हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन शिकल्या. तीसच्या दशकातल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकांवर 'गांधारी हनगल' असं नाव आहे. त्या मिळवून ऐक. पातळ, चढा, बायकी आवाज. पुढे घशाची शस्त्रक्रिया झाली आणि तो आवाज गेला. त्या जागी जो आला तो इतका जाड, खर्जातला, की न बघता ऐकणाऱ्याने विचारावं, बुवा कोण गातायत? एका गाणाऱ्या बाईला, त्या काळात, हे काय वाटलं असेल याचा विचार कर. आधीच समाज नाकं मुरडायला टपलेला. त्यांनी काय केलं? पट्टी खाली घेतली. नवा आवाज जिथे राहत होता तिथे जाऊन त्या राहिल्या. पातळ आवाजाची नक्कल करत बसल्या नाहीत. आणि नव्वदी ओलांडेपर्यंत गायल्या. २००२ साली पद्मविभूषण मिळालं ते त्या जाड आवाजाला.

आणि तू? तुझी नैसर्गिक पट्टी काळी पाच. मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तू मात्र काळी एकच्या पट्टीवर बसतेस, कारण मोबाईलवरची तुझी ती लाडकी गायिका तिथे गाते. मग वरचा षड्ज फुलत नाही म्हणून रडतेस. फुलेल कसा? गळा तुझा, घर दुसऱ्याचं! आवाज घोगरा आहे यात तुझी चूक काडीची नाही. चुकीच्या पट्टीत गाणं ही मात्र शंभर टक्के तुझी चूक, आणि ती दुरुस्त करायला एक क्षण पुरतो. तो क्षण तुला मिळाला नाही.

आता मागच्या रांगेतले महाशय. हो, तूच. मघापासून मान डोलावतो आहेस, जणू काही मी तुझंच गुणगान करते आहे. तुझा रोग याच्या उलटा आणि त्याहून वाईट. तिला सगळंच खुपतं, तुला काहीच खुपत नाही. तोडीतला गंधार प्रत्येक वेळी वर जातो, सांगितलं की म्हणतोस, "बाई, तो माझा लगाव आहे." लगाव! ताल चुकून सम निसटली की म्हणतोस, "मी आडात होतो." आणि परवा तर कहर केलास, दम पुरत नाही म्हटल्यावर कुमारांचं नाव घेतलंस.

कुमार गंधर्वांचं नाव घ्यायच्या आधी तोंड धुऊन येत जा. त्यांना क्षय झाला, १९४८च्या सुमारास हवापालटासाठी देवासला जावं लागलं, एक फुफ्फुस निकामी झालं, डॉक्टरांनी कित्येक वर्षं गाणं बंद ठेवलं. हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावरून तू निष्कर्ष काय काढलास? की आजाराने गायकी घडवली, म्हणून आपलाही आखूड दम म्हणजे शैली. अरे, अंथरुणावर पडून ते माळव्याची लोकगीतं कानांनी टिपत होते, रागांची मुळं शोधत होते. फुफ्फुस एक राहिलं हे त्यांनी मान्य केलं. सुराशी केसभर तडजोड मान्य केली नाही. तुझी दोन्ही फुफ्फुसं ठणठणीत आहेत, फक्त सकाळी सहाला उठून खर्ज भरायला तुला नको असतं. आळसाला व्यंगाचं सोंग देऊ नकोस. ज्यांचं खरंच काही गेलेलं असतं त्यांचा तो अपमान आहे.

तुम्हा दोघांना, आणि सगळ्यांनाच, हातात पडलेल्या विशारदच्या प्रमाणपत्राची फार मिजास आहे. ते कुठून आलं ठाऊक आहे? बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. त्यांना दमा होता. गवयाला दमा! मुंबईत जम बसत असताना त्या दम्यापायी मुंबई सोडावी लागली, आणि पुढे ते या आपल्या भागात, मिरजेत राहिले. कुरुंदवाडचा एक मुलगा, विष्णू दिगंबर पलुस्कर, लहानपणी फटाक्याच्या अपघातात डोळे अधू करून बसला. लिहिण्यावाचण्याची वाट बंद झाली म्हणून त्याला गाण्याला घातलं, ते मिरजेत या दमेकरी बुवांकडेच. तोच मुलगा मोठा होऊन १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढतो, गवयाला ओसरीवरून उठवून सभागृहात मानाने बसवतो, आणि त्याच्या शिष्यांनी उभ्या केलेल्या मंडळाच्या परीक्षा देऊन तुम्ही नावापुढे उपाध्या लावता. श्वास अपुरा असलेला गुरू, नजर अपुरी असलेला शिष्य. त्यांनी "तयार झालो की बघू" म्हटलं असतं तर आज इथे कोण बसलं असतं?

"तयार झाल्यावर गाईन." या एका वाक्याने गेली काही वर्षं माझं डोकं उठवलंय. पूर्वी मुलं घाबरायची, पण बसायची. चुकायची, मान खाली घालायची, घरी जाऊन घोटायची. आता चुकायचंच नाही असं ठरवून तुम्ही बसतच नाही. घरात दार लावून ध्वनिमुद्रण करायचं, आवडलं नाही की पुसायचं, पुन्हा करायचं, शेवटी दोन मिनिटांचा गुळगुळीत तुकडा मित्रांना धाडायचा. आणि ज्यांच्याशी तुलना करता ते तुकडे तरी खरे कुठे असतात? सूर आपोआप जागेवर बसवणारं सॉफ्टवेअर १९९७ सालापासून बाजारात आहे. गायक कुठेही लावो, यंत्र त्याला उचलून पट्टीत ठेवतं. ते ऐकून कानाला तशीच सवय लागते, आणि मग माणसाचा गळा ऐकला की तो सदोष वाटतो. स्वतःचा तर पहिला.

अ‍ॅपमधल्या तंबोऱ्याचंही तेच. तो उतरत नाही, चढत नाही, पावसाळ्यात त्याच्या खुंट्या फुगत नाहीत, जवारी झिजत नाही. फार सोय आहे, प्रवासात मीही नाही म्हणत नाही. पण तो बिघडत नाही म्हणून तुमचे कान बिघडलेत. इथे बसलेल्यांपैकी खरा तंबोरा कुणाचीही मदत न घेता लावता येतो अशांनी हात वर करा. बघा. दोन हात, आणि त्यातला एक अर्धवट. आमच्या वेळी तंबोरा जुळवण्यातच पहिला तास जायचा, आणि तोच खरा शिकण्याचा तास असायचा. उतरलेली तार ऐकू येणं, किती उतरली ते कळणं, खुंटी किती फिरवायची आणि मणी कुठवर सारायचा याचा हाताला अंदाज येणं, याला गाणं शिकणं म्हणतात. बिघडणारी वस्तू सांभाळता सांभाळता माणूस शहाणा होतो. कधीच न बिघडणारी वस्तू त्याला तसाच ठेवते.

मोठे गवईसुद्धा भर मैफलीत थांबतात, मागे वळून तंबोरा जुळवून घेतात. हजार माणसं गप्प बसून वाट पाहतात. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. तार उतरणारच. लाज उतरण्याची नसते, उतरलेली ऐकू न येण्याची असते. हे वाक्य वहीत लिहून घ्या, नाहीतर परीक्षेच्या नोट्स लिहिण्यापलीकडे वहीचा उपयोग काय!

आता कुणीतरी विचारणार, "बाई, मग कोणता दोष मान्य करायचा आणि कोणता नाही, हे ओळखायचं कसं?" सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच तुम्हाला नको असतं. ज्यावर रोज मेहनत केल्याने फरक पडतो, तो दोष मान्य करायचा नाही. सूर, लय, दम, उच्चार, पाठांतर, यांतलं काहीही "माझं असंच आहे" म्हणून सोडायचं नाही. आणि वर्षभर प्रामाणिक मेहनत करूनही जे जागचं हलत नाही, ते तुमचं आहे. आवाजाचा पोत, त्याची जात, पल्ल्याची हद्द. त्याच्याशी भांडायचं नाही, त्याला घेऊन काम करायचं. पण "वर्षभर प्रामाणिक मेहनत" ही अट आधी पुरी करा. ती पुरी न करता हार मानणं ही शुद्ध आळशीपणाची सबब, आणि पुरी करूनही रडत राहणं हा शुद्ध अहंकार. हो, अहंकार! नम्रता समजू नका. "माझ्याकडून थोडंसुद्धा कमी बाहेर पडता कामा नये" असं ज्याला वाटतं, त्याने स्वतःला फार मोठं मानलेलं असतं. तुम्ही अजून इतके मोठे झालेले नाही, की तुमच्या एका बेसूर तानेने संगीताचं काही बिघडेल.

घरच्यांनाही निरोप सांगा. मुलीच्या गाण्यावर पाहुण्यांसमोर वाहवा करायची आणि एक सूर हलला की "असं कसं झालं गं?" म्हणून तोंड पाडायचं, हे बंद करा. मुलं तुमचं तोंड बघून गायला लागतात आणि सूर बघायचे सोडून देतात. आणि नवीन वाद्य घेऊन देणं म्हणजे गाणं घेऊन देणं नव्हे. पैसे जास्त झाले असतील तर जुन्याची जवारी लावून घ्या. कारागिराच्या पोराबाळांनाही चार घास मिळतील आणि त्याची विद्याही पुढे टिकेल. सगळ्यांनी चकचकीत नवं आणि बिनदुरुस्तीचं मागितलं तर दुरुस्त करणारे हात उद्या कुठून आणणार?

तर आता कामं ऐका. तू हा तंबोरा उद्याच्या उद्या मिरजेला नेशील. पॉलिशला नाही, जवारीला. कारागिराने "ओरखडाही काढून देऊ का?" विचारलं तर नको म्हणायचं. आणल्यावर रोज तू स्वतः लावायचा, अ‍ॅप बंद. पट्टी काळी पाच, त्यावर चर्चा नाही. मागच्या रांगेतल्याने सकाळी खर्ज, आणि तोडीचा गंधार माझ्यासमोर रोज, बरोबर लागेपर्यंत. बडा ख्याल तोवर बंद. तबलेवाल्यांनी पुड्या दाखवायला आणायच्या. पेटीवाल्यांनी पुढचे काही दिवस पेटी न वाजवता नुसता तंबोरा ऐकायचा आणि त्यातला स्वयंभू गंधार ऐकू आला की मला येऊन सांगायचं. खोटं सांगितलंत तर मला कळतं.

आणि हे शेवटचं. स्वतःचा दोष कानाने ओळखून जो तरीही तोंड उघडतो, त्याला मी जन्मभर शिकवीन, गळा कसाही असो. ज्याला निर्दोष झाल्यावरच गायचं आहे आणि ज्याला दोषच दिसत नाही, त्या दोघांनी ऑफिसात जाऊन उरलेली फी परत घ्यावी. त्यांना शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.